आधी समुद्र, मग शहर

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे परदेश प्रवासाविषयी जी पत्रे आली, त्यांत खानदेशातली पत्रे पुष्कळ होती आणि त्यांतील बहुतेकांना एकाच देशाची ओढ लागलेली दिसली : इजिप्त. लाल समुद्रात स्कूबा डायव्हिंग करायचे, म्हणजे पाठीवर टाकी घेऊन पाण्याखाली उतरायचे, आणि त्याच दौऱ्यात कैरो शहर पाहायचे, असा हा बेत आहे. तापी-गिरणेच्या काठी राहणाऱ्या माणसांना इतक्या दूरच्या समुद्राच्या तळाशी जाऊन यावेसे वाटावे, याचे मला कौतुक वाटते; मी स्वतः चाळीसगावचा असल्यामुळे ते कौतुक थोडे पक्षपाती आहे, हेही कबूल करतो. सात पत्रे संक्षिप्त करून, उत्तरांसह येथे देत आहे.

प्रश्न (जळगावहून एक वाचक) : आम्ही पती-पत्नी चाळिशीतले असून मुलगी १४ वर्षांची आहे. दिवाळीच्या सुटीत दहा दिवस इजिप्तला जाण्याचे ठरवले आहे. एजंटाने दिलेल्या कार्यक्रमात आधी चार दिवस कैरो, नंतर लाल समुद्राकाठच्या हुरघाडा येथे स्कूबाचा कोर्स, शेवटच्या दिवशी सकाळी दोन डाइव्ह आणि त्याच सायंकाळी परतीचे विमान असे आहे. हा कार्यक्रम योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही. तो नुसता दगदगीचा असता तर मी काही बोललो नसतो, पण तो धोक्याचा आहे. एजंटाला तो पूर्ण उलटा करून मागावा : आधी समुद्र, मग शहर.

पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो, असे आपल्याकडे अजूनही छापून येते. प्रत्यक्षात त्या टाकीत दाबून भरलेली साधी हवा असते : सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकीचा जवळजवळ सगळा नायट्रोजन. (शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरांच्या खाली शरीराला घातक ठरू लागतो, त्यामुळे हौशी पाणबुड्याच्या पाठीवर तो कधीच देत नाहीत.) समुद्रात दर दहा मीटरांना दाब एका वातावरणाइतका वाढतो, म्हणजे दहा मीटरांवर तो जमिनीवरच्या दुप्पट आणि वीस मीटरांवर तिप्पट होतो. या वाढत्या दाबाखाली श्वासावाटे आत गेलेला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत राहतो आणि आपण वर आल्यानंतर कित्येक तास सावकाश बाहेर पडत असतो. आता विमानाचा विचार करा. उडत्या विमानाच्या आत हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असावा तितकाच ठेवलेला असतो, म्हणजे आपण खुर्चीत बसल्या बसल्या कळसूबाईच्या शिखराच्याही वर पोहोचतो. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना दाब असा उतरला, तर गोटी-सोड्याची गोटी दाबल्याबरोबर बाटलीत जे होते, तेच सांध्यांत, कण्यात किंवा मेंदूत होऊ शकते. सांधे ठणकण्यापासून पाय लुळे पडण्यापर्यंत त्याची मजल जाते.

म्हणून एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह किंवा ओळीने अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. मी स्वतः २४ तास मोजतो. आपल्या एजंटाने जेमतेम सात-आठ तास ठेवले आहेत.

उलटा कार्यक्रम असा बसेल. मुंबईहून कैरोला उतरल्यावर शहरात न शिरता लगेच देशांतर्गत विमानाने हुरघाड्याला जावे. डाइव्हच्या आधी विमानात बसण्याला काहीच हरकत नसते. तेथे पाच दिवस द्यावेत. परत येताना विमान न घेता बसने कैरोला यावे. अंतर सुमारे ४५० किलोमीटर आहे आणि सहा-सात तास लागतात. बराचसा रस्ता समुद्राच्या कडेने जातो. पुढचे चार दिवस आपण कैरोत हिंडत असताना नायट्रोजन आपोआप निघून जाईल, त्यासाठी एक दिवसही वाया घालवावा लागणार नाही. डोंगरालाही हाच हिशेब लागू आहे. इजिप्तच्याच सिनाई द्वीपकल्पातील दहब येथे दिवसा डाइव्ह करून त्याच रात्री २२८५ मीटर उंचीचा सिनाई पर्वत चढायला निघणारे उत्साही पर्यटक असतात. तोरणमाळच्या दुपटीएवढी ती उंची आहे, हे ध्यानात घेतले तर त्यातला धोका निराळा सांगावा लागू नये.

समुद्र आधी घेण्याचे दुसरे कारण मी स्वतःच्या कानाची किंमत देऊन शिकलो. पहिल्या खेपेला मी कैरो आधी घेतले होते. तीन दिवस गल्ल्यांतली धूळ खाल्ली, हॉटेलात रात्री वातानुकूलन लावून झोपलो आणि चौथ्या दिवशी वाहत्या नाकाने बोटीवर चढलो. पाण्यात उतरताना दर मीटरभराला नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकायची असते, म्हणजे कानाच्या पडद्यामागचा दाब बाहेरच्या दाबाबरोबर होतो. माझा डावा कान तीन मीटरांवर अडला तो अडलाच. कोणीतरी आगकाडी आत दाबत आहे असे वाटू लागले. प्रशिक्षकाने माझा चेहरा पाहिला आणि मला वर पाठवून दिले. त्या दिवशीच्या दोन्ही डाइव्हचे पैसे भरून मी बोटीवर चहा पीत बसलो होतो. सर्दीची गोळी घेऊन उतरावे असे मनात आले होते, पण गोळीचा परिणाम पाण्याखालीच ओसरला तर वर येताना कानात कोंडलेली हवा बाहेर पडत नाही आणि दुखणे दुप्पट होते.

मुलीला कोर्स करता येईल. १० वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना प्रवेश मिळतो. १५ वर्षांखालील मुलांना ‘ज्युनिअर’ प्रमाणपत्र देतात आणि त्यांनी प्रमाणपत्रधारक मोठ्या माणसासोबतच उतरायचे असते. कोर्सचा पुस्तकी भाग घरूनच ऑनलाइन पूर्ण करून जावे, नाहीतर हुरघाड्याच्या किनाऱ्यावर बसून परीक्षेचा अभ्यास करावा लागतो. व्हिसासाठी इजिप्तच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासाकडे आधी चौकशी करावी आणि मगच तिकिटे काढावीत. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. प्रवास विम्याची कागदपत्रे घेताना स्कूबा त्यातून वगळलेले तर नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचून घ्यावे. पुष्कळ साध्या पॉलिस्यांमध्ये ते वगळलेले असते किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते आणि अंगात नायट्रोजनचे बुडबुडे झालेल्या माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवतात त्या दाबकक्षातले उपचार खिशाला परवडणारे नसतात.

प्रश्न (चोपड्याहून एक तरुण वाचक, वय २४) : लहानपणापासून आमच्या मळ्यातल्या विहिरीत पोहतो. तळाची माती मुठीत घेऊन वर येतो, दीड-दोन मिनिटे श्वास रोखू शकतो. मला कोर्सची गरज आहे का? मला थिसलगॉर्म हे बुडालेले जहाज पाहायचे आहे.

उत्तर : पाठीला पत्र्याचा डबा बांधून काठावरून ढकलून देणारे काका ज्यांना लाभले, त्यांना पाण्याची भीती राहत नाही आणि कोर्सचा तेवढा भाग तुम्हाला सोपाच जाईल. न थांबता २०० मीटर पोहून दाखवणे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगत राहणे, एवढीच त्यात पोहण्याची परीक्षा असते. परंतु ज्या गोष्टीचा तुम्हाला अभिमान आहे, तीच तुम्हाला आधी विसरावी लागेल. स्कूबाचा पहिला नियम असा आहे की श्वास कधीही रोखायचा नाही.

विहिरीत तुम्ही काठावरची हवा छातीत भरून खाली नेता. ती खाली दाबली जाते आणि वर आल्यावर पुन्हा मूळच्या आकाराची होते. फुप्फुसाला त्याने काही होत नाही. टाकीची हवा मात्र तुम्ही खालीच, तिथल्या दाबाने घेता. दहा मीटरांवर भरलेली छाती तशीच कोंडून वर आलात, तर त्याच हवेला वर दुप्पट जागा लागते आणि ती जागा ती फुप्फुस फाडून करून घेते. हे होण्यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही, दोन-तीन मीटर पुरतात. म्हणूनच तोंडातली नळी क्षणभर काढली तरी ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहण्याची सवय पहिल्याच दिवशी लावतात. घाबरल्यावर श्वास रोखून वर झेप घेणे, ही विहिरीत पोहलेल्या माणसाच्या हाडात मुरलेली क्रिया आहे आणि तुमच्या बाबतीत ती मोडायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागेल, असा माझा अंदाज आहे. खुणांचेही तसेच आहे. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मला वर जायचे आहे’ असा होतो. छान चालले आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. पहिल्या दिवशी मी मासे पाहून आनंदाने अंगठा दाखवला आणि प्रशिक्षक मला निमूटपणे वर घेऊन आला.

आता थिसलगॉर्मविषयी. ब्रिटिश सैन्याची रसद घेऊन निघालेले हे मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात बुडाले. त्याच्या पोटात मालट्रक आणि बीएसए कंपनीच्या मोटारसायकली आजही रांगेत उभ्या आहेत, रेल्वेची इंजिनेही जवळपास पडली आहेत, त्यामुळे तुम्हाला त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते सुमारे ३० मीटर खोलीवर विसावलेले आहे, तेथे प्रवाह जोराचे असतात आणि आत शिरले की डोक्यावर छत असते. पहिल्या प्रमाणपत्रावर १८ मीटरांपर्यंतच जाता येते. ३० मीटरांसाठी पुढचा ‘ॲडव्हान्स्ड’ कोर्स लागतो. दहबच्या ‘ब्लू होल’चा मोहही आवरावा. तेथे जीव गमावलेल्या पाणबुड्यांच्या नावाच्या पाट्या किनाऱ्याच्या खडकावर बसवलेल्या आहेत, आणि त्यांतले बरेच जण तुमच्या-माझ्यापेक्षा अनुभवी होते.

पहिल्या दौऱ्यात हुरघाड्यासमोरच्या गिफ्तून बेटांजवळचे प्रवाळ पुरे आहेत. दहा-बारा मीटरांवर गुडघे न टेकवता, कशालाही हात न लावता थोडा वेळ स्थिर राहा आणि कान द्या. कुरुम-कुरुम असा आवाज येईल, जसा कोणी शेजारी बसून भाजलेले हरभरे खात असावे. तो पोपटमाशाचा आवाज आहे. हा मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक कुरतडतो, त्यावरचे शेवाळ पोटात ठेवतो आणि खडकाचा भुगा मागून पांढऱ्या धुरासारखा सोडून देतो. ज्या पांढऱ्या वाळूवर पर्यटक फोटो काढतात, तिच्यातला बराच भाग या माशांच्या पोटातून आलेला असतो.

प्रश्न (शहाद्याहून एक शिक्षिका, वय ५३) : मला पोहता येत नाही आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. मैत्रिणी जाणार आहेत. मी फक्त बोटीवर बसून राहायचे का?

उत्तर : प्रथम डॉक्टरांकडे जावे. प्रत्येक डाइव्ह सेंटर पाण्यात उतरण्यापूर्वी प्रकृतीची प्रश्नावली भरून घेते. रक्तदाब, हृदयविकार, दमा, मधुमेह, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी कशालाही ‘होय’ असे उत्तर आले, तर डॉक्टरांची सही असलेले पत्र लागते. ते तेथे गेल्यावर मिळवण्याची धावपळ करण्यापेक्षा येथूनच घेऊन जावे. खोटे ‘नाही’ लिहून मोकळ्या होणाऱ्या भगिनींना मी पाहिले आहे. कृपया तसे करू नये.

डॉक्टरांनी परवानगी दिली, तर ‘डिस्कव्हर’ नावाची एक दिवसाची ओळख-डाइव्ह असते. तिला पोहता येण्याची अट नसते, प्रशिक्षक सतत हाताशी असतो आणि १२ मीटरांच्या खाली नेत नाहीत. परंतु माझा सल्ला असा, की पहिला प्रयोग परदेशात करू नये. सिंधुदुर्गात तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. मराठी बोलणाऱ्या प्रशिक्षकासोबत पोहण्याच्या तलावात तासभर काढला, तर आपल्याला हे सोसते की नाही, हे कळून येईल. नाहीच सोसले, तर लाल समुद्रात तोंडावर मास्क आणि अंगात तरंगते जाकीट घालून वरूनच पाहावे. पाणी इतके नितळ असते की पुष्कळ काही वरूनच दिसते, आणि खारटपणा आपल्या समुद्रापेक्षा जास्त, लिटरला सुमारे ४० ग्रॅम मीठ असल्यामुळे शरीरही अधिक सहज तरंगते.

प्रश्न (धुळ्याहून एक निवृत्त इतिहास-शिक्षक) : मुलगा आणि सून समुद्रात उतरतील, आम्हा उभयतांना कैरोचे अधिक आकर्षण आहे. पिरॅमिडखेरीज तेथे चार दिवस पुरेल असे काय आहे?

उत्तर : सर, चार दिवस कमी पडतील. पिरॅमिड आणि त्यांच्याजवळचे ‘ग्रँड इजिप्शियन म्युझियम’ यांना एक पूर्ण दिवस द्यावा. या संग्रहालयाचे औपचारिक उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी झाले आणि १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तू तेथे प्रथमच एकत्र मांडल्या आहेत. राजांच्या ममी मात्र तेथे नाहीत; त्या एप्रिल २०२१ मध्ये मिरवणुकीने फुस्तात या कैरोच्या जुन्या भागातील राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात नेण्यात आल्या.

परंतु आपल्यासारख्यांचे खरे कैरो हे पिरॅमिडांच्या मानाने अगदी अलीकडचे आहे. फातिमी या शिया राजघराण्याचा सेनापती जौहर याने ९६९ साली इजिप्त जिंकून ते वसवले आणि ‘अल-काहिरा’, म्हणजे विजयिनी, हे नाव त्याला पडले. उत्तरेच्या बाब अल-फुतूह या वेशीतून आत शिरावे आणि अल-मुइज रस्त्याने दक्षिणेच्या बाब जुवैला वेशीपर्यंत चालत जावे. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास आहे, पण त्याला सगळा दिवस लागतो.

वेशीतून आत शिरताच डाव्या हाताला अल-हाकिमची मशीद लागते. ९९० मध्ये सुरू होऊन १०१३ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू मधल्या काळात तुरुंग, कोठार असे सगळे भोग भोगून मोडकळीस आली होती. तिचा जीर्णोद्धार १९८० मध्ये दाऊदी बोहरा समाजाने केला. पांढरा संगमरवर घालून तिला अगदी नवी कोरी केली, म्हणून काही अभ्यासकांनी नाकेही मुरडली. त्या अंगणात उभे राहिल्यावर मला बुऱ्हाणपूर आठवले. बुऱ्हाणपूर म्हणजे फारुकी सुलतानांची, आपल्या जुन्या खानदेशाची राजधानी, आणि तेथला दर्गाह-ए-हकीमी हे बोहरा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. फातिमी इमामांना मानणारे हे लोक. आपल्या पेठेत ज्यांच्याकडून आपण खिळे, कड्या आणि रंगाचे डबे आणतो, त्या दुकानदारांच्या धार्मिक परंपरेचे एक टोक या वेशीशी आहे, हे पुस्तकात वाचलेले असूनही तेथे उभे राहिल्यावरच मला नीट उमगले.

पुढे सुलतान कलाऊनची १२८४-८५ मधील इमारत लागते. कबर, मदरसा आणि रुग्णालय अशी तिची एकत्र रचना होती. त्याच पट्ट्याला नह्हासीन, म्हणजे तांबटांची आळी, म्हणतात. मग खान अल-खलिली हा चौदाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिलेला बाजार. तेथे घासाघीस करावी लागते आणि तिला अंत नसतो. आपली मराठी तेथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. ‘खलास’ म्हटले की बोलणे संपले हे विक्रेत्याला कळते, ‘साबण’ आणि ‘दुकान’ जवळजवळ तसेच चालतात, आणि ‘बक्षीस’ हा शब्द तर आपण न उच्चारताही दिवसातून दहा वेळा कानावर पडतो.

बाब जुवैलाच्या बाहेर खयामिया ही तंबू शिवणाऱ्यांची छताखालची गल्ली आहे, आणि एवढी एकच गोष्ट पाहायला मिळाली तरी कैरोला जाणे सार्थकी लागले असे मी म्हणेन. आठ-दहा फूट रुंदीच्या दुकानात उंच ओट्यावर मांडी घालून बसलेला माणूस मांडीवर जाड सुती कापड घेतो, त्यावर रंगीत सुती कापडाचा तुकडा ठेवतो, त्याची कड सुईच्या टोकानेच आत दुमडतो आणि टाका घालतो. कड दुमडणे आणि टाका हे इतक्या लगोलग होते की दोन क्रिया वेगळ्या दिसतच नाहीत. मी पाहत होतो त्याने कमळाची एक पाकळी पुरी केली, तोवर माझा चहा निवून गेला होता.

कापसाचा विषय निघालाच आहे, तर शिक्षकाला सांगण्यासारखी एक गोष्ट राहते. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस बंद झाला आणि कापसाचा भाव एकाच वेळी खानदेशात आणि नाईलच्या खोऱ्यात कडाडला. युद्ध संपल्यावर दोन्हीकडे तो कोसळला. तेथला खदीव, म्हणजे राज्यकर्ता, इस्माईल याने कापसाच्या जोरावर आणि कर्ज काढून कैरोचा पॅरिसच्या धर्तीचा नवा भाग उभारला. १८७६ मध्ये सरकारचे दिवाळे वाजले आणि १८८२ मध्ये इंग्रज आत आले. त्या भागातल्या धुरकटलेल्या, गॅलऱ्यांच्या इमारतींखालून चालताना जळगावच्या कापूसबाजाराची आठवण ठेवावी. फुस्तातच्या उत्खननात गुजरातेत छापलेले मध्ययुगीन सुती कापडाचे तुकडेही सापडलेले आहेत, म्हणजे आपल्या बाजूच्या कापसाची कैरोशी ओळख याहून पुष्कळ जुनी आहे.

प्रश्न (भुसावळहून एक वाचक) : आम्ही शाकाहारी आहोत. खाण्याचे हाल होतील का?

उत्तर : होणार नाहीत. कोशरी हा तेथला सर्वांत लोकप्रिय पदार्थ शाकाहारीच असतो. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोची आंबट चटणी आणि कुरकुरीत तळलेला कांदा असे त्याचे स्वरूप असते, आणि त्याचे मूळ आपल्या खिचडीत आहे असे मानले जाते. सकाळी बाकल्याच्या दाण्यांची फूल नावाची उसळ आणि त्याच दाण्यांचे तामिया नावाचे वडे गरम भाकरीसारख्या पोळीबरोबर मिळतात. तिखट मात्र अगदीच बेताचे असते. ठेच्याची बाटली नीट बंद करून मोठ्या बॅगेत टाकावी. बोटीवरच्या जेवणासाठी आदल्या दिवशीच सांगून ठेवावे लागते, नाहीतर भात आणि काकडी यांवर भागवावे लागते.

प्रश्न (अमळनेरहून एक तरुणी) : आम्ही दोघी मैत्रिणीच जाणार आहोत. बोट आणि शहर दोन्हींच्या सुरक्षिततेविषयी सांगावे.

उत्तर : बोटीविषयी आधी सांगतो, कारण शहराविषयी सगळेच विचारतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्सा आलमच्या किनाऱ्याजवळ पाणबुड्या पर्यटकांची मुक्कामी बोट उलटून माणसे दगावली. म्हणून पहिल्या दौऱ्यात रात्रीच्या मुक्कामाची बोट न घेता सकाळी जाऊन दुपारी परतणारी बोट घ्यावी. चढल्याबरोबर जाकिटे कोठे आहेत आणि बाहेर पडायचे दोन मार्ग कोणते हे विचारावे. त्यावर कोणी हसले तर हसू द्यावे. एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ असतील, कोर्सच्या शुल्कात साहित्य, बोट आणि प्रमाणपत्र धरले आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे. सलग दोन दिवसांत कोर्सच्या चारही डाइव्ह उरकून देणारे सेंटर नियमात बसते, पण मी तीन दिवस घेणाऱ्याकडे जाईन.

कैरोत मेट्रोने फिरावे. ती १९८७ पासून चालू आहे, स्वस्त आहे आणि तिच्यात बायकांसाठी वेगळे डबे असतात. खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे, मशिदीसाठी एक ओढणी, एवढे पुरते. ‘संग्रहालय आज बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ असे सांगणारा गोड बोलणारा माणूस भेटेलच. त्याला उत्तर न देता पुढे चालावे. शुक्रवारी दुपारपर्यंत दुकाने बंद असतात, तो वेळ संग्रहालयाला द्यावा. आणि रस्ता ओलांडायचा असेल तेव्हा एखाद्या स्थानिक आजीबाईच्या पाठोपाठ निघावे. जळगावच्या आकाशवाणी चौकात तयार झालेल्या माझ्यासारख्यालाही तेथे दहा मिनिटे फुटपाथवरच उभे राहावे लागले होते.

प्रश्न (पाचोऱ्याहून एक शेतकरी वाचक) : सर्वजण दिवाळीत जायला सांगतात. आमची तेव्हा कापसाची वेचणी असते. उशिरा गेले तर चालेल का?

उत्तर : चालेल. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम हे खरे, कारण तेव्हा समुद्राचे पाणी २६-२७ अंशांवर असते आणि कैरोतले ऊनही उतरलेले असते. मार्च-एप्रिल मात्र टाळावे. त्या दिवसांत वाळवंटातून ‘खमसीन’ नावाचा धुळीचा गरम वारा सुटतो, आणि तो वैशाखातल्या आपल्या वावटळीपेक्षा फार चिवट असतो. उन्हाळ्यात पाणी छान उबदार असते आणि भुसावळचा मे महिना काढलेल्या माणसाला कैरोच्या उन्हाचे भय नाही, पण तेव्हा आपल्याकडे पेरणी असते.

तेव्हा माल घरात आला की जानेवारीत निघावे. पाणी २२ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे पाण्यात घालायचा रबरी सूट मागताना पाच मिलिमीटर जाडीचा किंवा त्याहून जाड मागून घ्यावा. पाण्याखाली गारठा फारसा जाणवत नाही. तो खरा लागतो तो वर आल्यावर, ओल्या अंगाने बोटीवर बसले असताना उत्तरेचा वारा सुटतो तेव्हा. माझ्यासोबतच्या युरोपियन मंडळींकडे त्यासाठी महागडे कोट होते. मी घरून नेलेली लोकरीची कानटोपी घातली, आणि दुसऱ्या दिवशी बोटीच्या तांडेलाने ती आपल्याला विकत देता का, असे विचारले.